टर्मिनलमधला प्रोग्रेस बार: खरं तेवढंच सांगणारा कसा बनवायचा

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीसाठी तुम्ही छोटा प्रोग्राम लिहिलाय. हळदीच्या सौद्यांच्या वर्षभराच्या पट्ट्या स्कॅन करून एका फोल्डरात ठेवलेल्या आहेत. प्रोग्राम एकेक पट्टी उघडतो, शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई वाचतो आणि तक्त्यात भरतो. पट्ट्या बारा हजार, म्हणजे काम पाच-सात मिनिटांचं. तुम्ही एंटर मारून चहाला जाता. पेढीचे दिवाणजी काळ्या खिडकीकडे बघत बसतात. कर्सर लुकलुकतोय, बाकी काही नाही. दोन मिनिटांनी ते ‘अडकलंय वाटतं’ म्हणून खिडकी बंद करतात. त्यांचं काही चुकलं नाही, कारण चालू असलेला गप्प प्रोग्राम आणि लटकलेला प्रोग्राम बाहेरून सारखेच दिसतात.

हा लेख त्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, काम किती झालं ते सांगणारी एक ओळ, म्हणजेच प्रोग्रेस बार, दाखवण्याबद्दल आहे. उदाहरणं पायथनची घेतलीत, पण तत्त्व कुठल्याही भाषेत तेच. कोड जिथे लागेल तिथे मराठीत मांडलाय, तुमच्या भाषेत उतरवायला अडचण येऊ नये.

आधी ठरवा: बार लागतो का?

प्रत्येक कामाला बार लावायची गरज नसते. वापरणाऱ्याच्या संयमाबद्दल वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी लोकप्रिय केलेले तीन आकडे आजही उपयोगी पडतात: ०.१ सेकंदात झालं तर लगेच झालं असं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जातं. माझा नियम असा: दोन सेकंदांच्या आत संपणाऱ्या कामाला काही दाखवू नका. नाहीतर बार क्षणभर चमकून जातो आणि बघणाऱ्याला काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. म्हणून बार तयार ठेवायचा, पण दोन सेकंद उलटल्यावरच दाखवायचा. दहा सेकंदांच्या वर जाणाऱ्या कामाला मात्र तो हवाच. टक्केवारी दाखवणाऱ्या बारचं महत्त्व ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच शोधनिबंधातून मांडलं होतं; तरी आजही कितीतरी स्क्रिप्ट मुक्या असतात.

मोजायचं काय?

बार काढणं सोपं असतं, मोजमाप निवडताना डोकं लागतं. आपल्या उदाहरणात फाइली मोजल्या की काम झालं असं वाटेल. पण काही स्कॅन एका पानाचे आणि काही चाळीस पानांचे असतील, तर फाइलींचा बार धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. अशा वेळी पानं मोजा. पानांचा आकडा आधी कळत नसेल तर फाइलींचे बाइट मोजा. बाइट काढायला फाइल उघडावी लागत नाही, ऑपरेटिंग सिस्टीम लगेच सांगते. वेळ ज्याच्या प्रमाणात जातो ते मोजायचं.

एकूण आकडा आधी काढायला फोल्डरावरून एकदा नुसती नजर फिरवावी लागते. बारा हजार फाइलींची यादी करणं किरकोळ आहे. पण नेटवर्कवरच्या ड्राइव्हमधून लाखो फाइली असतील तर ही मोजणीच लांबते. मग मोजणी चालू असताना ‘मोजतोय… ३,४५० सापडल्या’ असं दाखवा आणि मोजणी संपली की बार सुरू करा.

एकूण किती ते खरंच कळू शकत नसेल, उदाहरणार्थ सर्व्हर डेटा पाठवतोय पण लांबी सांगत नाही, तर टक्केवारी बनवून दाखवू नका. झालेला आकडा आणि वेग दाखवा, शेजारी एखादी फिरती खूण ठेवा. ही खूण दर वेळी काम पुढे सरकल्यावरच फिरवा. वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रामच्या आत शेजारी चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर) घड्याळाच्या तालात फिरणारी खूण काम लटकल्यावरही फिरत राहते, आणि असली खूण नसलेली बरी.

एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा लिहिणं

सगळी जादू एका अक्षरात आहे: कॅरेज रिटर्न, आस्की क्रमांक १३. बहुतेक भाषांत ते बॅकस्लॅश आणि लहान आर असं लिहितात. टेलिप्रिंटरच्या काळात हे अक्षर आलं की छपाईचं तोंड ओळीच्या सुरुवातीला परत जायचं, कागद मात्र तिथंच राहायचा. कागद पुढे सरकवायला वेगळं अक्षर होतं, क्रमांक १०, लाइन फीड. टर्मिनलने हा कारभार जसाच्या तसा उचलला. म्हणून ओळीच्या शेवटी नवी ओळ न देता सुरुवातीला कॅरेज रिटर्न दिलं की जुन्या ओळीवर नवी उमटते.

पायथनचं प्रिंट आपणहून शेवटी नवी ओळ घालतं. ते थांबवायला त्याच्या एंड या पर्यायाला रिकामी स्ट्रिंग द्यायची. आणि फ्लश, म्हणजे साठलेला मजकूर लगेच बाहेर ढकलणं, हा पर्याय ट्रू ठेवायचा. असं फ्लश करायचं विसरलं तर बऱ्याच भाषांत बार हलतच नाही. काम संपल्यावर एकदम १०० टक्के दिसतो. कारण मजकूर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठत राहतो आणि नवी ओळ आल्यावर किंवा बफर भरल्यावरच बाहेर पडतो. आपण तर नवी ओळ देतच नाही.

पुढची अडचण उरलेल्या अक्षरांची. आधीची ओळ ‘बाकी १० मिनिटं’ अशी लांब होती, नवी ‘बाकी ९ से’ अशी आखूड आहे, तर जुन्या ओळीचं शेपूट मागे राहतं. काही जण शेवटी मोकळ्या जागा भरून ते झाकतात. त्यापेक्षा टर्मिनललाच पुसायला सांगा. एस्केप हे अक्षर (क्रमांक २७), त्यामागे डावा चौकोनी कंस, त्यामागे कॅपिटल के. याचा अर्थ कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत पुसून टाक. डेक कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलमुळे ही संकेतपद्धत सर्वदूर पसरली आणि आज लिनक्स, मॅक, विंडोज टर्मिनल सगळ्यांना समजते. जुन्या विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला ती कळत नसे. विंडोज १० पासून कळते, पण काही ठिकाणी आधी ती सोय चालू करावी लागते. पायथनमध्ये कोलोरामा हे पॅकेज ते काम करतं.

एवढ्यावर साधा बार उभा राहतो:

बार_काढ(झालेले, एकूण):
  आत्ता = न मागे जाणारं घड्याळ
  जर (आत्ता − मागचं_रेखाटन) ०.१ सेकंदापेक्षा कमी आणि झालेले < एकूण, तर परत फिर
  मागचं_रेखाटन = आत्ता
  भरलेली घरं = पूर्णांक(रुंदी × झालेले ÷ एकूण)
  ओळ = भरलेली घरं + रिकामी घरं + टक्के + आकडे
  एरर आउटपुटवर लिही: कॅरेज रिटर्न + ओळ + पुसण्याचा संकेत
  फ्लश कर

आणि दिसतं असं:

[██████████░░░░░░░░░░]  ५०%  ६,०००/१२,०००  ४०/से  बाकी सुमारे ३ मि

एकूण शून्य असेल तर भागाकारात प्रोग्राम कोसळतो, म्हणून शून्याची तपासणी सगळ्यात वर ठेवा. सुट्टीच्या दिवशी फोल्डर रिकामा असतो आणि नेमका त्या दिवशी तुमचा प्रोग्राम बारमुळे मरतो, हे फार वाईट दिसतं.

दहा वेळा पुरे

वरच्या मांडणीतली ०.१ सेकंदाची अट शोभेची नाही. लूप सेकंदाला लाखभर वेळा फिरत असेल आणि प्रत्येक फेरीला तुम्ही स्क्रीनवर लिहीत असाल, तर कामापेक्षा रंगरंगोटीलाच जास्त वेळ जातो. २०१६ च्या सुरुवातीला एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं साधन) वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं की प्रोग्रेस बार बंद केला की पॅकेजं बसवण्याचं काम जवळपास दुप्पट वेगाने होतंय. एवढ्या मोठ्या प्रकल्पात हे घडू शकतं, तर आपल्या स्क्रिप्टमध्ये सहज घडेल. माणसाच्या डोळ्याला सेकंदाला दहा बदल भरपूर झाले. एसएसएचवरून दूरच्या मशीनवर काम असेल तर दोन-चारही चालतात.

घड्याळ बघायलाही थोडा वेळ लागतोच. लूप अगदीच हलका असेल तर दर हजाराव्या फेरीलाच घड्याळ बघा. घड्याळही मोनोटॉनिक, म्हणजे कधी मागे न जाणारं, घ्या. भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ घेतली आणि मध्येच सिस्टीमने इंटरनेटवरून वेळ दुरुस्त केली, तर बाकी वेळ उणे येते.

एरर आउटपुट आणि टर्मिनलची ओळख

बार नेहमी स्टँडर्ड एररवर लिहा, स्टँडर्ड आउटपुटवर नाही. आउटपुट म्हणजे प्रोग्रामचा माल; तो कोणी दुसऱ्या फाइलीत वळवेल, पुढच्या प्रोग्रामला देईल. त्यात हजारो कॅरेज रिटर्न मिसळले तर तक्ता खराब. एररची, म्हणजे सूचना-निरोपांची, वाट वेगळी असल्यामुळे मालाला धक्का लागत नाही आणि बारही स्क्रीनवर दिसत राहतो.

पण एररही लॉग फाइलीत वळवलेली असू शकते. रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामने) चालणाऱ्या कामाचं तसंच असतं. म्हणून बार काढण्याआधी विचारा: समोर खरंच टर्मिनल आहे का? पायथनमध्ये प्रत्येक आउटपुटला इज-ए-टीटीवाय नावाचं फंक्शन असतं, ते हो किंवा नाही सांगतं. उत्तर ‘नाही’ असेल तर बार बंद. तरी पूर्ण गप्प राहू नका. दर दहा टक्क्यांना किंवा दर मिनिटाला एक साधी, नव्या ओळीची, वेळेसह नोंद टाका. सकाळी लॉग उघडणाऱ्याला काम पहाटे तीनला कुठवर आलं होतं ते त्यावरून कळतं.

शिवाय बार मुद्दाम बंद करायचा पर्याय कमांडमध्ये ठेवा. कोणाला तो नको असतो, आणि कारण विचारायची गरज नाही.

रुंदी, आणि मराठी लेबलांची गंमत

ओळ टर्मिनलच्या रुंदीपेक्षा मोठी झाली की ती दुसऱ्या ओळीवर घसरते. कॅरेज रिटर्न फक्त शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला जातं, त्यामुळे स्क्रीनभर अर्धवट बारांचा ढीग लागतो. उपाय म्हणजे दर वेळी रुंदी विचारा. पायथनच्या शटिल मॉड्यूलमधलं गेट टर्मिनल साइज हे काम करतं, आणि काही कळलं नाही तर ८० रकाने, २४ ओळी धरून चालतं. सेकंदाला दहा वेळा विचारायला काही खर्च नाही, आणि कोणी मध्येच खिडकी लहान केली तरी पुढच्या रेखाटनात सगळं सावरतं. शेवटचा एक रकाना रिकामाच सोडा. काही टर्मिनल तिथे अक्षर पडलं की लगेच पुढच्या ओळीवर जातात.

खिडकी अरुंद असेल तर काय गाळायचं याचा क्रम आधीच ठरवा. मी आधी वेग गाळतो, मग बारची लांबी कमी करतो. टक्के आणि बाकी वेळ शेवटपर्यंत ठेवतो.

आता आपला खास प्रश्न. बारपुढे ‘पट्ट्या वाचतोय’ असं मराठी लेबल टाकावंसं वाटणारच. ‘पट्टी’ हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण पायथन त्याची लांबी ५ सांगतं: प, ट, हलंत, ट आणि दीर्घ ईकार. टर्मिनल त्याला किती रकाने देईल हे टर्मिनलगणिक बदलतं. कोणी मात्रेला रकाना देतं, कोणी देत नाही. लांबी मोजून मोकळ्या जागा भरणाऱ्या सगळ्या युक्त्या इथे फसतात आणि बारचा उजवा कंस वाकडातिकडा नाचतो. यावर दोन सरळ उपाय आहेत. लेबल बारच्या आधी स्वतंत्र ओळीवर एकदाच छापा, किंवा ओळीच्या अगदी शेवटी ठेवा आणि त्यामागे पुसण्याचा संकेत द्या. मग लेबलची रुंदी चुकली तरी बार जागचा हलत नाही. विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये देवनागरी नीट जुळतही नाही, काने-मात्रे सुटे पडतात. तिथे मी लेबल रोमन लिपीत लिहितो आणि वाईट वाटून घेत नाही.

देवनागरी आकड्यांचा तसा त्रास नाही, एका आकड्याला एक रकाना. फक्त टक्के उजवीकडून तीन जागांत बसवा, म्हणजे ९ वरून १० वर जाताना ओळ उडी मारणार नाही. आणि पायथनचा तयार स्वल्पविराम तीन-तीनच्या गटांचा असतो. दिवाणजींना १,२०,००० कळतं, १२०,००० वाचायला ते थांबतात. लाखाचा स्वल्पविराम घालणारं चार ओळींचं फंक्शन लिहून टाका.

भरीव चौकोनांऐवजी युनिकोडमधले आठव्या हिश्श्याचे तुकडे वापरले तर वीस घरांच्या बारमध्ये एकशे साठ पायऱ्या मिळतात आणि चाल गुळगुळीत दिसते. पण आउटपुटचं एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट बनवण्याची पद्धत) यूटीएफ-८ नसेल तर हीच अक्षरं प्रोग्राम पाडतात किंवा भलतंच काही उमटवतात. एन्कोडिंग तपासा, शंका आली तर हॅश आणि डॅशवर या.

बाकी वेळ: सगळ्यात जास्त खोटं इथेच बोललं जातं

पावसाळ्यात सांगलीत कोणी नुसतं ‘पाणी किती?’ विचारून थांबत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. खरा प्रश्न पुढचा: तासाला किती चढतंय? आणि कोयनेतून विसर्ग वाढवला असेल तर काल सकाळपासूनची सरासरी काढून कोणी घरातलं सामान माळ्यावर टाकायचं का ते ठरवत नाही. गेल्या दोन-तीन तासांचा वेग बघतात.

बाकी वेळेचं गणित तेच. झालेलं काम भागिले लागलेला एकूण वेळ ही सरासरी सुरुवातीच्या घडामोडींना शेवटपर्यंत चिकटून बसते. उलट फक्त शेवटच्या क्षणाचा वेग घेतला तर आकडा ‘२ मिनिटं’, ‘११ मिनिटं’, ‘४० सेकंद’ असा नाचतो. मधला मार्ग म्हणजे जुन्याचं वजन हळूहळू घटवत नेणारी सरकती सरासरी:

वेग = ०.३ × आत्ताचा वेग + ०.७ × आधीचा वेग
बाकी वेळ = उरलेलं काम ÷ वेग

टीक्यूडीएम या लोकप्रिय पायथन पॅकेजमध्येही हा आकडा मुळात ०.३ च आहे. कामात चढउतार फार असतील तर तो ०.१ पर्यंत खाली आणा.

पहिले काही सेकंद बाकी वेळ दाखवूच नका, तिथे एक रेघ ठेवा. एका मिनिटाच्या वर सेकंद सांगू नका. ‘सुमारे ७ मिनिटं’ हे ‘७ मिनिटं १३ सेकंद’पेक्षा प्रामाणिक आहे. आणि मागच्या वेळी अर्धवट राहिलेलं काम पुढे नेताना आधीच झालेल्या पट्ट्या प्रोग्राम क्षणात वगळतो. त्या वगळलेल्या पट्ट्या वेगात धरल्या तर सुरुवातीला ‘बाकी ३ सेकंद’ दिसतं. त्यांना बारमध्ये धरा, वेगात धरू नका.

९९ टक्क्यांवरचा मुक्काम

टक्के काढताना जवळच्या पूर्णांकात बदलू नका, खालच्या पूर्णांकावर आणा. ९९.६ ला १०० दाखवून पुढे तीस सेकंद काम चालू ठेवलं, तर बघणारा खिडकी बंद करणार.

पण खरं दुखणं वेगळं असतं. सगळ्या पट्ट्या वाचून झाल्या, लूप संपला, बार १०० वर गेला, आणि मग तक्ता डिस्कवर लिहिणं, डेटाबेस कमिट करणं चालू होतं. हे काम बारच्या हिशोबात नव्हतंच. एकतर त्याला सुरुवातीलाच एकूण कामात अंदाजे वाटा द्या, किंवा त्याचा वेगळा टप्पा करा: ‘२/२ तक्ता सेव्ह करतोय’. दोन टप्पे असतील तर दोन बार, आणि ‘दोनपैकी पहिला’ हे आधीपासून दिसू द्या.

मध्येच निरोप आला तर

‘ही पट्टी वाचता आली नाही’ असा इशारा चालू बारच्या ओळीवर छापला की दोन्हींची खिचडी होते. क्रम असा ठेवा: कॅरेज रिटर्न आणि पुसण्याचा संकेत, मग निरोप नव्या ओळीसह, मग बार पुन्हा. टीक्यूडीएममध्ये यासाठी राइट नावाची सोय आहे, रिच या पॅकेजमध्ये कन्सोलचं प्रिंट. आपला बार असेल तर सगळे निरोप एकाच फंक्शनमधून जाऊ द्या. लायब्ररीचे लॉगही तिकडेच वळवा.

अनेक थ्रेड असतील तर प्रत्येकाने स्वतः बार काढायचा नाही. कामगार थ्रेड फक्त मोजणी वाढवतात, रेखाटणारा एकच.

कर्सर बारच्या टोकाशी लुकलुकतो तो लपवता येतो, पण लपवला तर परत दाखवायची जबाबदारी तुमची. कोणी कंट्रोल-सी दाबलं किंवा एरर आली तरी तो परत आला पाहिजे, म्हणून ते काम फायनली ब्लॉकमध्ये (काहीही झालं तरी शेवटी चालणाऱ्या भागात) ठेवा. तिथेच एक नवी ओळही छापा, नाहीतर शेलचा प्रॉम्प्ट बारच्या शेपटाला चिकटतो. थांबवलेला बार पुसू नका, आहे तिथे राहू द्या: ७,३१२ पट्ट्यांवर थांबलं, ही माहिती पुढच्या वेळी लागते.

विंडोजवर आणखी एक गोष्ट दिवाणजींना आधीच सांगून ठेवा. जुन्या कन्सोलमध्ये खिडकीच्या आत माउसने क्लिक झालं की मजकूर निवडण्याचा मोड सुरू होतो आणि प्रोग्राम पुढचं लिहिताना तिथेच अडून राहतो. बार थिजलेला दिसतो, एस्केप दाबलं की पुन्हा चालू. ‘अडकलंय’च्या तक्रारींत याचा वाटा मोठा असतो आणि कोडमध्ये दोष शोधण्यात दिवस जातो.

तयार साधनं

इतकं सगळं हाताने करायचं का? शिकायला एकदा करा, रोजच्या कामाला नको. पायथनमध्ये टीक्यूडीएमने लूप गुंडाळला की वरचं बहुतेक मिळतं: एरर आउटपुट, ०.१ सेकंदाचा लगाम, सरकती सरासरी. समोर टर्मिनल नसेल तर बंद राहायला मात्र त्याला डिसेबल या पर्यायात नन (None) द्यावं लागतं, आपणहून तो बंद होत नाही. अनेक बार, रंग, टप्पे हवे असतील तर रिच. रस्टमध्ये इंडिकॅटिफ आहे.

कधी कधी प्रोग्रामला हातही लावावा लागत नाही. एका प्रोग्रामचा माल दुसऱ्याला देणाऱ्या पाइपमध्ये पीव्ही हा छोटा प्रोग्राम बसवला की जाणाऱ्या डेटाचा बार मिळतो. डेटाबेसचा दाबलेला बॅकअप परत चढवताना पीव्ही उलगडण्याच्या आधी लावा. तिथे फाइलीचा आकार माहीत असतो, म्हणून टक्के मिळतात. उलगडल्यानंतर लावलात तर फक्त वेग दिसेल. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकला इन्फो पर्यायात प्रोग्रेस२ दिलं की फाइलगणिक नव्हे, एकूण कामाची प्रगती दिसते. डिस्क किंवा फाइल जशीच्या तशी उतरवणाऱ्या डीडीला स्टेटस पर्यायात प्रोग्रेस द्या.

हातातून सोडण्याआधी तपासा

बार पेढीवर पाठवण्याआधी हे करून बघा. रिकाम्या फोल्डरवर चालवा, मग एकाच फाइलीवर. खिडकी चाळीस रकान्यांएवढी अरुंद करून चालवा आणि चालू असताना ओढून मोठी करा. आउटपुट एका फाइलीत वळवा, मग एररही वळवा, आणि दोन्ही फाइली उघडून कॅरेज रिटर्न कुठे शिरलेत का ते बघा. मध्येच कंट्रोल-सी दाबा: कर्सर परत आला का, प्रॉम्प्ट नव्या ओळीवर आहे का? शेवटी एकदा बार बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून तेच काम करा आणि दोन्ही वेळा घड्याळ लावा. फरक जाणवण्याइतका निघाला तर ०.१ चे ०.५ करा आणि पुन्हा मोजा.